धारेचा कोन

द्वारका म्हटले की मराठी वाचकाला गोमतीच्या मुखाशी, समुद्रकाठी वसलेली श्रीकृष्णाची नगरी आठवते. दिल्लीच्या नैर्ऋत्येलाही याच नावाची एक उपनगरी आहे. पण तिला ना समुद्र, ना नदी. पूर्वी पप्पनकलान या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत पुढे द्वारका झाली. रुंद रस्ते, सेक्टरांचे क्रमांक आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उंच इमारती हे तिचे रूप. ३१ डिसेंबर २००५ रोजी मेट्रो इथवर आली आणि एका टोकाला पडलेली ही वस्ती शहराला जोडली गेली. विमानतळ शेजारीच असल्यामुळे डोक्यावरून दिवसरात्र विमाने जातात. तेथे राहणाऱ्यांना त्यांचा आवाज ऐकूही येत नाही, इतकी त्याची सवय झालेली असते.

अशाच एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरील सदनिकेच्या मागील सज्जात, एक लहानशी कार्यशाळा आहे. कार्यशाळा म्हणायचे ते तिच्या मालकाच्या मानासाठी. एरवी ती चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी काचबंद जागा. एका बाजूला सागवानी फळीचे टेबल, त्यावर व्हाइस, भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी, पान्हे, हातोड्या. टेबलाच्या कडेला सहा इंची चाकांचा ग्राइंडर. मुलाच्या नोकरीमुळे पुणे सोडून सपत्नीक येथे आलेल्या एका निवृत्त फिटरचे हे राज्य. इमारतीत सारे त्यांना ‘अंकलजी’ म्हणतात. पुण्यात ते ‘काका’ होते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. पण पहिल्या हाकेला ‘ओ’ द्यायला त्यांना वर्षभर तरी लागले असेल.

फिटरचे शिक्षण त्यांनी पुण्यात, औंधच्या आयटीआयमध्ये घेतले होते. तेथील एक निदेशक किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात हात घासून आलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर जो कारखाना वसवला, त्याच्या गोष्टी सांगता सांगता ते मुलांकडून लोखंड घासून घेत. ड्रिलला धार लावायला शिकवताना मात्र ते गोष्ट सांगत नसत. त्या वेळी कार्यशाळेत कोणी बोललेले त्यांना चालत नसे. उजव्या हाताने ड्रिलचा दांडा धरायचा, डावे बोट आधारपट्टीवर टेकवायचे, कड चाकाला समांतर आणायची आणि दांडा खाली नेता नेता मनगटाला जरासा पीळ द्यायचा. एवढेच. हे ‘एवढेच’ अंगी मुरायला त्या मुलाला सहा महिने लागले. शेवटच्या दिवशी निदेशकांनी त्याच्या हातात एक वापरलेले ड्रिल ठेवले. दहा मिलिमीटर जाडीचे ते ड्रिल पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे त्याच्या पेटीत राहिले आणि झिजत झिजत बोटाएवढे उरले.

ड्रिल ही वस्तू दिसायला साधी. तिच्यातली युक्ती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी लोहार पोलादाची सळई चपटी करून तिला टोक काढत आणि त्याने भोक पाडत. अशा चपट्या ड्रिलला धार लावली की त्याची रुंदी घटे, म्हणजे पुढचे भोक लहान होई. शिवाय लोखंडाचा कीस आतच अडके. अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने १८६३ साली पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. या ड्रिलच्या अंगावरून वर चढणाऱ्या दोन पन्हळी कीस बाहेर आणतात. धार फक्त टोकाला लावायची असल्यामुळे ड्रिल आखूड होत जाते, पण त्याची जाडी जवळजवळ तीच राहते. पुढे टेलर आणि व्हाइट या दोघांनी तयार केलेले हायस्पीड पोलाद १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगाने पाहिले. तापून लालसर झाले तरी कापत राहणारे ते पोलाद पाहून त्या काळच्या कारागिरांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे साधे ड्रिलही बहुधा याच कुळातले असते.

पण उत्तम पोलादही टोकाशी चुकीचे घासले तर कुचकामी ठरते. साध्या कामाच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो. दोन्ही कडांची लांबी सारखी हवी आणि दोन्ही अक्षाशी सारख्याच कलत्या हव्यात. एक कड लांब, दुसरी आखूड झाली की टोक मध्यावरून सरकते आणि भोक ड्रिलपेक्षा मोठे पडते. एवढ्यानेही भागत नाही. कडेच्या मागचा भाग आठ ते बारा अंशांनी उतरता असावा लागतो. तो उतार नसेल तर मागचा भागच लोखंडावर टेकतो. ड्रिल कापत नाही, नुसते घासते, किंचाळते आणि तापते. उतार फार झाला तर कडेला आधार उरत नाही आणि ती तुकडे होऊन झडते. दोन कडा, दोन उतार आणि मधले टोक, हे सगळे त्या मनगटाच्या पिळात सांभाळायचे असते.

ते मनगटच आता ऐकेनासे झाले होते.

गोष्ट शिवणयंत्रावरून उघडकीस आली. काकूंचे पायाने चालवायचे जुने यंत्र पुण्याहून आणताना त्याच्या बिडाच्या सांगाड्याचा एक पाय तडकला होता. त्याला जाड लोखंडी पट्टीचा आधार द्यायचा, पट्टीत आटे पाडायचे आणि आठ मिलिमीटरचे बोल्ट आवळायचे, असे काकांनी ठरवले. आठच्या बोल्टसाठी आटे पाडायचे तर भोक ६.८ मिलिमीटरचे लागते. काकांनी त्या मापाच्या ड्रिलला हातावर धार लावली, भोके पाडली, आटे कापले. बोल्ट फिरवला तर तो ढिला. आवळायला गेले तर आटेच सोलून निघाले. भोक मापले, ते सातच्या पुढे गेले होते. काकांनी ड्रिल भिंगाखाली धरले. एक कड दुसरीपेक्षा चांगलीच आखूड होती. त्यांनी ती पुन्हा घासली, मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांच्या लक्षात आले की ड्रिल चाकाला टेकण्याआधीच त्याचे टोक हवेत बारीक थरथरते आहे.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा वयाबरोबर येणारा हातांचा कंप आहे. काळजीचे कारण नाही, पण तो जाणारही नाही. घरच्यांना हायसे वाटले. काकांनी मात्र त्या आठवड्यात ग्राइंडरवर कापड झाकून ठेवले.

धार लावण्याचे फिक्स्चर बाजारात मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कारखान्यातील शस्त्रागारात तर त्याहून मोठी यंत्रे होती. परंतु फिटर मंडळींत त्या साधनाविषयी एक तुच्छतेची भावना असते. ज्याला धार लावता येत नाही त्याने ते घ्यावे, असा समज. तो सगळाच खोटा आहे असेही म्हणवत नाही. हाताने जमणाऱ्याला त्याची गरज नसते, आणि घाईच्या वेळी हात नेहमीच लवकर काम करतो. काकांनी स्वतः उमेदवारांची यावरून थट्टा केली होती. आता तेच साधन विकत आणायचे म्हणजे ती थट्टा उलटून अंगावर घेणे होते.

“अहो, सुईत दोरा ओवायचं ते पत्र्याचं साधन मी घेतलं, तेव्हा तुम्हीच तर आणून दिलं होतंत,” काकू एका संध्याकाळी म्हणाल्या. “मोतीबिंदू वाढला होता. त्या वेळी शिवण काय त्या पत्र्यानं केली?”

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेट्रो पकडली, राजीव चौकात गाडी बदलली आणि ते चावडी बाजार स्थानकावर उतरले. जमिनीखाली खोल असलेल्या त्या स्थानकातून वर आले की माणूस थेट जुन्या दिल्लीच्या गर्दीत पडतो. एकीकडे लग्नपत्रिकांची दुकाने, दुसरीकडे पितळी नळ, कड्या, बिजागऱ्या, आणि मधून हातगाड्यांची अखंड रांग. तीन दुकाने फिरल्यावर चौथ्यात त्यांना हवे ते सापडले. सोबत त्यांनी दहा मिलिमीटरचे एक कोरे, चांगल्या प्रतीचे ड्रिलही घेतले. दुकानदाराला वाटले, ते धार लावून पाहण्यासाठी असेल. खरे कारण वेगळे होते.

घरी आल्यावर खोक्यातून निघाले ते बिडाचे एक ओबडधोबड, निळा रंग फासलेले साधन. खाली पाया, त्यावर तिरक्या खुंटीभोवती झुलणारा हात, हातावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची पन्हळ. ड्रिल पन्हळीत ठेवायचे, वरून पट्टीने दाबायचे. पुढे कडेला टेकण्यासाठी पोलादी जीभ, मागे ड्रिल रेटणारा स्क्रू. हाताखाली अंशांच्या खुणा. त्यांतली ५९ ची खूण नेहमीच्या कामाची, कारण ५९ म्हणजे ११८ चे निम्मे. खुंटी तिरकी असते त्यामागे विचार आहे. हात झुलवला की ड्रिलचे टोक चाकावरून जाताना एका अदृश्य शंकूचा तुकडा कोरते, आणि कडेमागचा उतार आपोआप तयार होतो. निदेशकांनी शिकवलेला मनगटाचा पीळच कोणीतरी लोखंडात ओतून ठेवला होता. काका बराच वेळ हात नुसताच झुलवत बसले.

अशी स्वस्त साधने घरी आणल्यावर आधी त्यांचीच दुरुस्ती करावी लागते. पन्हळीत रंगाचे थेंब वाळले होते, त्यांवर ड्रिल डुगडुगत होते. काकांनी रंग खरवडला, बारीक कानशीने पन्हळीच्या कडा साफ केल्या. खुंटी आपल्या भोकात ढिली होती. तिच्याभोवती त्यांनी शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून गुंडाळला आणि तेल सोडले. या कामांना थरथर आड आली नाही. कानस दोन्ही हातांनी धरायची असते आणि काम व्हाइसमध्ये घट्ट असते. हात थरथरतो तो अधांतरी असताना, हे त्यांना त्या दिवशी नीट उमगले.

मग ग्राइंडरकडे लक्ष गेले. हायस्पीड पोलादासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक लागते. भिंतीत भोक पाडायच्या कार्बाइडच्या टोकाला ते चालत नाही, त्याला सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक हवे. त्यांनी नवे चाक बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवले. घंटेसारखा स्वच्छ नाद आला. आवाज बद्द आला असता तर चाकाला तडा आहे असे समजून ते टाकून द्यावे लागले असते. चाकावर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हेही त्यांनी पाहिले. मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेणाऱ्या सहा इंची चाकाची कड सेकंदाला बावीस मीटर धावते; ते फुटले तर तुकडे गोळीसारखे सुटतात. चाक बसवून ग्राइंडर सुरू केला आणि पहिले मिनिटभर ते बाजूला उभे राहिले. डोळ्यांवर चश्मा होताच. हातमोजे मात्र त्यांनी कधीच घातले नाहीत, कारण फिरत्या चाकात मोजा अडकला की हातही त्यामागून जातो.

ग्राइंडर आणि फिक्स्चर एकाच जाड फळीवर बोल्टने आवळले. या साधनात ड्रिल चाकाच्या बाजूवर घासले जाते. पातळ चाकाची बाजू असा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून चाक जाड हवे आणि स्पर्श पिसासारखा हलका.

पहिला प्रयत्न फसला. जुने दहाचे एक ड्रिल पन्हळीत बसवून, दोन्ही कडा घासून काकांनी ते लोखंडी पट्टीवर चालवले. ड्रिल किंचाळले, धूर निघाला, वेटोळ्यांऐवजी काळा भुगा पडला. उतार चुकला होता. खोक्यातील कागदावर चार ओळींची सूचना होती आणि तिच्यातून काहीच बोध होत नव्हता. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारले, “जमलं का?” काका म्हणाले, “यंत्र शिकतंय अजून.”

आता कोरे ड्रिल कामी आले. काकांनी त्याच्या टोकाला, कडेपासून मागच्या उतारापर्यंत, काळी शाई फासली. ग्राइंडरचा प्लग भिंतीतून काढून ठेवला. ड्रिल पन्हळीत धरून, चाक हातानेच फिरवत, त्यांनी फिक्स्चरचा हात एकदा झुलवला. शाई फक्त मागच्या भागावरून पुसली गेली. कडेपाशी ती तशीच होती. म्हणजे कारखान्यातून उत्तम धार घेऊन आलेल्या ड्रिललाही हे साधन मागूनच खरवडू पाहत होते. दोष ड्रिलचा नव्हता, जोडणीचा होता. त्यांनी ड्रिल पन्हळीत किंचित फिरवले, जेणेकरून कड जिभेला नीट टेकेल. पुन्हा शाई, पुन्हा झोका. मग ते पन्हळीबाहेर किती निघावे ते बदलून पाहिले, पुन्हा शाई. दुपारची जेवणे झाली, चहा झाला. खाली खेळणारी मुले घरी गेली तेव्हा कुठे शाई कडेपासून मागेपर्यंत एकसारखी पुसली गेली. नव्या ड्रिलचा उतार साधनाने ओळखला होता. काकांनी प्रत्येक माप पट्टीवर सुईने कोरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी पुन्हा ग्राइंडर चालवला. वेळ मुद्दाम अकराची होती. आवाजाबद्दल वरच्या मजल्यावरून एकदा तक्रार आली होती, तेव्हापासून अकरा ते बारा हाच तास ठरला. डोक्यावरून गेलेल्या विमानाबद्दल आजवर कोणी चिठ्ठी पाठवली नाही, हे काका हसत सांगतात. एक कड घासली, ड्रिल अर्धा फेरा फिरवून दुसरी कड जिभेला टेकवली, मागचा स्क्रू न हलवता तीही घासली. स्क्रू तोच, म्हणून लांबी तीच. थांबून थांबून, तापू न देता. लालभडक तापलेले हायस्पीड पोलाद पाण्यात बुडवले तर त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, ही निदेशकांची ताकीद अजून कानात होती.

कोन तपासायला त्यांनी पेटीतून दोन सारखे नट काढले. षटकोनी नटाचा प्रत्येक कोपरा १२० अंशांचा असतो. दोन नट बाजूला बाजू लावून ठेवले की दोन कोपऱ्यांचे मिळून २४० अंश होतात आणि त्यांच्यामधल्या खाचेत उरतात ते ३६० वजा २४०, म्हणजे पुन्हा १२०. ड्रिलचे टोक त्या खाचेत जवळजवळ बेमालूम बसते. शाळेत भूमिती कशासाठी शिकायची असे विचारणाऱ्याला हे दोन नट दाखवावेत. काकांनी टोक खाचेत धरून उजेडाकडे पाहिले. प्रकाशाची जी बारीक रेघ दिसली, ती दोन्ही बाजूंना सारखी होती.

पट्टी व्हाइसमध्ये होतीच. ड्रिल खाली आले आणि दोन्ही पन्हळींतून लोखंडाची दोन वेटोळी एकाच जाडीची, एकाच वेगाने वर चढू लागली. काकांनी यंत्र थांबवले नाही. पट्टी आरपार जाईपर्यंत ते पाहत राहिले. त्याच आठवड्यात ६.८ चे ड्रिलही धार घेऊन आले, नव्या पट्टीत आटे पडले आणि शिवणयंत्राचा पाय उभा राहिला.

पुढची गोष्ट काकांनी योजलेली नव्हती. द्वारकेतील सदनिकांच्या सज्जांना लोखंडी जाळ्या बसवण्याचे काम सतत चालू असते. पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण शेजारच्या घरी जाळी बसवत होता. दुपारी त्याने बोथट झालेले ड्रिल कचऱ्यात टाकले, ते काकांनी पाहिले आणि मागून घेतले. “रहने दीजिए अंकलजी, नया ले लेंगे,” तो म्हणाला. दर आठवड्याला तो किती ड्रिल टाकतो हे काकांनी विचारले, आणि त्याने बोटे मोजून सांगितलेला आकडा ऐकून त्याचे त्यालाच नवल वाटले. हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्लीत बांधकामे थांबवण्याचे आदेश निघतात. हातात काम नसलेल्या अशा आठवड्यांत ड्रिलचे पैसेही डोळ्यांवर येतात, हे तो स्वतःच पुढे बोलून गेला.

तो रविवारी येऊ लागला. फिक्स्चरवर धार लावायला त्याला अर्धा तास पुरला. परंतु जाळीच्या कामावर, शिडीवर चढलेला असताना, हे साधन त्याच्याजवळ नसणार होते. त्याच्याजवळ फक्त हातातला लहान ग्राइंडर असे, आणि तसल्या ग्राइंडरवर ड्रिल घासणे धोक्याचे. त्याने टेबलावरचा ग्राइंडर घ्यायचे ठरवले. फिक्स्चरला पैसे नव्हते. तेव्हा काकांनी वेगळाच उपाय केला. बंद चाकासमोर फिक्स्चरचा हात त्याला डोळे मिटून झुलवायला सांगितला, दहा वेळा, वीस वेळा. मग पट्टी सोडवून तेच ड्रिल नुसत्या हातात दिले आणि तोच झोका द्यायला सांगितले. मनगटाने खुंटीचा कल लक्षात ठेवायचा होता. शब्दांत सांगून जो पीळ काकांना औंधला सहा महिन्यांत उमगला, तो या तरुणाच्या हाताला बिडाच्या त्या निळ्या तुकड्याने काही रविवारांत दाखवला. पहिल्या ड्रिलच्या कडा वेड्यावाकड्या आल्या. काकांनी दोन नट त्याच्यापुढे सरकवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

एका रविवारी काकांनी पेटीच्या तळातून तेलकट कागदात गुंडाळलेले ते बोटाएवढे ड्रिल काढले. फिक्स्चरच्या पन्हळीत ते बसत नव्हते. इतके आखूड ड्रिल पट्टीखाली धरताच येत नाही. त्याला धार लागायची तर हातावरच. काकांनी ते एकदा चाकाजवळ नेले, टोक थरथरताना पाहिले आणि मागे घेतले. मग ते त्यांनी तरुणाच्या हातात दिले आणि स्वतः ग्राइंडरपासून दोन पावले दूर, चाकाच्या रेषेबाहेर उभे राहिले.

“धीरे,” ते म्हणाले. “टेकव. आता खाली ने.”

तरुणाने एक कड घासली, ड्रिल फिरवले, दुसरी घासली. नटांच्या खाचेत धरून पाहिले. डावीकडे प्रकाशाची रेघ थोडी जाड होती. काकांनी काही न बोलता बोटानेच डावी बाजू दाखवली. तरुणाने पुन्हा चाक सुरू केले.